एल्कसाठी कोणतं काडतूस? कोलोरॅडोतल्या शिकारीमागचं गणित

कोलोरॅडोत ऑक्टोबर लागला की डेन्व्हरच्या ऑफिसांतली काही माणसं आठवडाभर दिसेनाशी होतात. ती डोंगरात एल्कच्या मागावर गेलेली असतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलंच, पण त्याहून थोराड जनावर. मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास, नर तीनशेच्या वर. कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे नाहीत. किती मारायचे, कोणत्या भागात, नर की मादी, हे दरवर्षी राज्य ठरवतं आणि त्या हिशेबानं परवाने देतं. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार बंद केलं, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हा विषय परका. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या कानावर मात्र तो हटकून येतो: जेवणाच्या सुट्टीत दोन सहकारी ‘थर्टी-ऑट-सिक्स’ की ‘थ्री हंड्रेड मॅग्नम’, कोणतं काडतूस बरं, यावर हमरीतुमरीवर आलेले असतात. या वादात भौतिकशास्त्र आहे, शरीररचना आहे, कायदा आहे आणि पुरुषी फुशारकीही भरपूर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. काडतुसांच्या पेटीवरचा मोठा आकडा हा या निवडीतला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे, आणि बहुतेक जण सुरुवात नेमकी तिथून करतात.

पेटीवर लिहिलेलं असतं काय?

बोलताना आपण ‘गोळी’ म्हणतो तेव्हा बहुधा अख्खं काडतूस डोळ्यांपुढे असतं. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्रायमरची छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी दारूला लागते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे रेटतो. पुंगळी मागेच राहते. जनावरापर्यंत पोचते ती फक्त गोळी.

काडतुसांच्या नावांत मात्र काही शिस्त नाही. ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ (वर आलेलं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ ते हेच) मधला पहिला आकडा नळीचा इंचांतला व्यास आणि दुसरा साल, कारण अमेरिकी सैन्यानं ते १९०६ मध्ये स्वीकारलं. ‘.३०-३०’ मधला दुसरा आकडा साल नव्हे, दारूचं वजन. ‘.२७० विंचेस्टर’ च्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .२७७ इंच भरतो. युरोपीय पद्धत त्यातल्या त्यात सरळ: ७×५७ म्हणजे सात मिलिमीटरची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांबीची पुंगळी. तेच काडतूस इंग्लंडमध्ये ‘.२७५ रिग्बी’ या नावानं विकलं गेलं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना जी रायफल भेट मिळाली, ती याच मापाची.

आता एक गंमत पाहा. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ही तीन वेगळी काडतुसं, पण तिन्हींत बसणाऱ्या गोळीचा व्यास एकच, .३०८ इंच. फरक पुंगळीच्या आकारात, म्हणजे दारू किती मावते यात. १८० ग्रेनची गोळी घेऊ. ग्रेन हे जुनं माप, साडेपंधरा ग्रेनांचा साधारण एक ग्रॅम, म्हणजे ही गोळी पावणेबारा ग्रॅमची. .३०८ मध्ये सुमारे तीन ग्रॅम दारू तिला सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेग देते. .३०-०६ मध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास दारू लागते आणि वेग ८२० वर जातो. .३०० मॅग्नममध्ये पावणेपाच ग्रॅम दारू जाळून मिळतात ९०० मीटर. दारू दीडपटीहून जास्त, वेग १३ टक्क्यांनी जास्त. ती जास्तीची दारू खांद्यालाही जाणवते, त्याकडे पुढे येऊ.

जनावर कशानं मरतं

गोळी लागताच जनावर चार हात मागे उडतं, हे सिनेमातलं. .३०-०६ ची गोळी नळीतून निघताना तिच्यात सुमारे ३,९५० जूल ऊर्जा असते आणि आकडा ऐकून दबायला होतं. पण ढकलण्याची ताकद ठरते संवेगावर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावर. पावणेबारा ग्रॅम गुणिले ८२० मीटर करा आणि तो संवेग ३२० किलोंच्या एल्कला द्या: जनावराला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर. मॅग्नमनं तो साडेतीनच्या आतच राहतो. कोणतंही काडतूस एल्कला ‘पाडत’ नाही.

एल्क मरतो तो रक्तस्रावानं. गोळी दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेली तर रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू पोचत नाही आणि काही सेकंदांत जनावर खाली बसतं. त्या काही सेकंदांत ते शंभर मीटर धावूही शकतं. मेंदूत किंवा मणक्यात लागली तर जागीच कोसळतं, पण ते लक्ष्य लहान आणि हलतं, म्हणून जाणते शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत. पुढच्या पायामागचा, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वरचा भाग धरायचा, हेच शिकवलं जातं. एल्कमध्ये फुप्फुसांचं हे क्षेत्र तीस-चाळीस सेंटिमीटर रुंद असतं. पोटात लागलेली गोळी, मग ती कोणत्याही मापाची असो, जनावराला तासन्‌तास तडफडवते आणि बर्फात रात्रभर माग काढायला लावते.

म्हणून काडतुसाकडून आपल्याला हव्यात दोनच गोष्टी. गोळी फुप्फुसांपर्यंत खोल जायला हवी, वाटेत बरगडी किंवा खांद्याचं हाड आलं तरी. आणि जाताना तिनं पुरेशी रुंद जखम करायला हवी. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कारण गोळी जितकी फुलते तितकी लवकर थांबते.

कायद्यांनीही हे आपापल्या परीनं ओळखलंय. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ इंच व्यास, किमान ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १,३५० जूल ऊर्जा मागतो. ही अगदी तळाची रेघ आहे. स्वीडनचा नियम मला जास्त शहाणा वाटतो. तिथे मूस या महाकाय हरणासाठी गोळी नऊ ते दहा ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २,७०० जूल हवेत, दहा ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० चालतात. जड गोळीला ऊर्जेत सूट, कारण एकाच व्यासाची जड गोळी लांब असते आणि खोल जाते. याच हिशेबानं स्वीडिश शिकारी १८९४ साली सैन्यासाठी घडवलेल्या ६.५×५५ या किरकोळ दिसणाऱ्या काडतुसानं आजही मूस मारतात, आणि मूस एल्कपेक्षा मोठा.

खरी निवड गोळीची

१८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात ब्रिटिशांनी आपल्या सैन्याच्या .३०३ रायफलीच्या गोळीचं टोक उघडं ठेवून पाहिलं. धातूच्या कवचातून शिसं बाहेर डोकावत असल्यानं ती शरीरात शिरताच फुलायची आणि भयंकर जखम करायची. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धात बंदी घालण्यात आली. शिकारीत मात्र याच्या नेमकं उलट आहे. कोलोरॅडोत आणि स्वीडनमध्ये फुलणारी गोळी सक्तीची आहे. सैनिक जखमी होऊन लढाईबाहेर गेला की काम भागतं. जनावर जखमी होऊन निसटलं तर शिकार फसली आणि क्रूरताही झाली.

साधी शिकारी गोळी म्हणजे आत शिसं, बाहेर तांब्याचं पातळ कवच. शरीरात शिरली की टोक मागे वळून ती अळंबीसारखी फुलते, व्यास जवळपास दुप्पट होतो. हरणासाठी हे पुरेसं आहे. एल्कच्या खांद्याच्या हाडावर, त्यातही जवळून आणि मॅग्नमच्या वेगानं आदळली, तर हीच गोळी फुटून तुकडे होऊ शकते आणि फुप्फुसांच्या अलीकडेच थांबते. म्हणजे जास्त वेग इथे चक्क तोट्याचा. १९४६ मध्ये जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकी शिकाऱ्याला ब्रिटिश कोलंबियात हाच अनुभव आला. चिखलानं माखलेल्या मूसवर .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमच्या गोळ्या खोल जाईनात. घरी येऊन त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवला: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ नावानं विकली जाऊ लागली आणि अजून विकली जाते. काडतूस तेच ठेवून त्यानं फक्त गोळी बदलली, हे लक्षात घ्या.

त्यानंतर कवच आणि शिसं एकमेकांना जोडून टाकलेल्या ‘बाँडेड’ गोळ्या आल्या, आणि मग शिशाला पूर्ण फाटा देणाऱ्या अख्ख्या तांब्याच्या. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उघडते, तिचं वजन जवळपास पूर्ण टिकतं आणि ती फार खोल जाते. तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. सबब तांबं घेताना एक पायरी हलकी गोळी घ्यायची: १८० ग्रेनऐवजी १६५ किंवा १५०. ती फुलायला वेग जास्त लागतो, त्यामुळे फार लांबून तिचा भरवसा धरू नये.

शिशाचा मुद्दा केवळ चवीपुरता नाही. फुटणाऱ्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच दूरपर्यंत मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंना वाटण्यासाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणानं फेकून देण्याची सूचना निघाली. डोंगरात टाकलेली आतडी गिधाडं खातात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांची संख्या तिशीच्या आत आली होती, आणि त्यांच्या मरणाचं एक मोठं कारण शिशाची विषबाधा हे होतं. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं गिधाडांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा धागा वेगळा उलगडून सांगायला नको.

अंतर, आणि अंतराबद्दलच्या गप्पा

मॅग्नमचं समर्थन करणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत ‘लांबचा मारा’ म्हणतो. आकडे पाहू. रायफल २०० यार्डांवर नेमकी लागेल अशी बसवली, तर १८० ग्रेनची .३०-०६ ची गोळी ३०० यार्डांवर साधारण २२ सेंटिमीटर खाली पडते आणि ४०० वर साठेक. .३०० मॅग्नमची तीच गोळी ३०० वर १८ आणि ४०० वर पन्नासेक. चारशे यार्डांवर फायदा दहा सेंटिमीटरांचा. आज शे-दोनशे डॉलरांत लेझरनं अंतर मोजणारं यंत्र मिळतं. अंतर कळलं की गोळी किती पडणार तेही कळतं आणि हा फायदा बराचसा विरून जातो.

वाऱ्याचं तसं नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा ३०० यार्डांवर .३०-०६ च्या गोळीला सतरा-अठरा सेंटिमीटर बाजूला नेतो आणि तो मोजणारं यंत्र दरीच्या पलीकडे ठेवता येत नाही. इथे वेगापेक्षा गोळीचा आकार कामी येतो: लांब, निमुळती, हवा सहज कापणारी गोळी कमी वाहवत जाते. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर हे काडतूस लोकप्रिय झालं ते याच बळावर. उंचीचाही थोडा फायदा मिळतो. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव हिश्श्यानं विरळ, त्यामुळे रॉकी पर्वतात गोळी तक्त्यातल्यापेक्षा जराशी वर लागते.

तरीही आधी विचारायचं ते ‘माझं काडतूस किती लांब मारतं’ हे नाही. दम लागलेला असताना, उभ्या उतारावर, गुडघ्यावर बसून मी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात दर वेळी किती यार्डांवरून गोळी घालू शकतो, ते तपासा. बहुतेकांचं खरं उत्तर दोनशेच्या आसपास येतं. तिथे .३०८ आणि मॅग्नममधला फरक एल्कला कळत नाही.

खांदा काय म्हणतो

बार फुटताना गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते. साडेतीन-चार किलोंच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का सुमारे सतरा जूल, .३०८ चा चोवीसच्या आसपास, .३०-०६ चा सत्तावीस, .३०० मॅग्नमचा पस्तीसेक. साधारण सत्तावीसच्या पुढे बहुतेकांचं शरीर आपल्या नकळत बंड करतं: चाप ओढण्याआधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट झटका देतं. नेम हातभर चुकतो आणि दोष दुर्बिणीला दिला जातो.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. नेमबाजीच्या मैदानावर मित्राला रायफल भरायला सांगा. त्यानं अधूनमधून तुमच्या नकळत बनावट, दारू नसलेलं काडतूस भरावं. चाप ओढल्यावर बार झालाच नाही आणि तरी नळी खाली दचकली, तर तुमचं काडतूस तुम्हाला झेपत नाही. दचकत मारलेल्या मॅग्नमपेक्षा शांतपणे मारलेलं .३०८ एल्कच्या दृष्टीनंही बरं. डोंगरात वाहायला हलकी म्हणून अडीच किलोंची मॅग्नम रायफल घेणारे लोक पाहिले की मला त्यांच्या खांद्याची काळजी वाटते, कारण रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त.

लहान काडतुसाची बाजू मांडताना लोक वॉल्टर बेलचं नाव हमखास काढतात. या स्कॉटिश शिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य ७×५७ नं. पण तो न फुलणाऱ्या, लांब, टणक गोळ्या वापरायचा आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला कोणत्याही कोनातून ठाऊक होतं. त्याच्या उदाहरणावरून नवशिक्यानं धडा घ्यायचाच तर शरीररचनेचा घ्यावा. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत रेडा आणि हत्तीसाठी .३७५ ही कायद्यानं ठरवलेली किमान मर्यादा आहे. चवताळलेला रेडा अंगावर येतो, तिथे चुकीला जागा नसते. एल्क पळून जातो, अंगावर येत नाही, म्हणून आफ्रिकेचं गणित रॉकीजमध्ये लावण्यात अर्थ नाही.

कधीकधी निवड सरकारच करतं

काडतुसांचा इतिहास चाळला तर जनावरांपेक्षा सरकारी हुकमांनीच जास्त मापं जन्माला घातली असं वाटतं. १८९८ मध्ये आलेलं .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीचं लाडकं काडतूस. पण बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच. त्यांना दारूगोळा मिळेल या भीतीनं १९०७ च्या सुमारास ब्रिटिशांनी भारतात आणि सुदानमध्ये त्या मापाची आयात बंद केली. लंडनच्या बंदूककारांनी हातोहात .४६५, .४७०, .४७५ अशी जवळची मापं बाजारात आणली. बंदीचं कारण कधीच संपलं, पण .४७० आजही आफ्रिकेत दोननळी रायफलींचं ठरलेलं माप आहे.

आपल्या भारतातल्या .३१५ या मापाचंही तसंच. सैन्याचं .३०३ नागरिकांना बंद, म्हणून परवानाधारकांसाठी ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसावर आधारलेलं हे माप रूढ झालं. त्याची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात, बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं तिथलीच.

अमेरिकेत सरकारच्या जागी दुकान असतं. परवाना, तंबू, सगळं घेऊन चारशे मैल गाडी हाकत गेलात आणि काडतुसांची पेटी घरी राहिली, तर डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या एकुलत्या एक दुकानात .३०-०६, .३०८, .२७० आणि बहुधा .३०० विंचेस्टर मॅग्नम मिळेल. गेल्या वर्षी जाहिरातीत आलेलं नवं काडतूस मिळणार नाही. २०२० च्या टंचाईत तर रोजची मापंही फळीवरून गायब झाली होती.

तर पहिल्यांदा एल्कला जाणाऱ्या कुणी विचारलंच, तर मी .३०-०६ सुचवेन. धक्का सोसत नसेल तर .३०८ किंवा ७ मिमी-०८, यात कमीपणा नाही. गोळी पार्टिशन किंवा बाँडेड असेल तर १६५ ते १८० ग्रेन, तांब्याची असेल तर १५० ते १६५. नळीवर कोरलेलं नाव आणि पेटीवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय हे दर वेळी पाहायचं, कारण जवळच्या मापाचं काडतूस कधीकधी आत बसतं आणि पुंगळी फुटते. मॅग्नमवर जाणारे जास्तीचे पैसे वीस-वीसच्या आणखी पेट्यांवर घालायचे, आणि ज्या गोळीनं शिकार करणार त्याच गोळीनं सराव करायचा. कंपनी किंवा वजन बदललं की त्याच रायफलीतून, त्याच दुर्बिणीनं गोळी दुसरीकडे लागते. शंभर यार्डांवर हा फरक पाच-सात सेंटिमीटर सहज भरतो, म्हणून नवी पेटी आणली की डोंगरात जाण्याआधी पुन्हा एकदा मैदानावर जायचं.